तीनशेची लाइन

ऋतुजाचा चमचा तोंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, एक भुवई वर. मन्मथअप्पा हालकुडे लातूरच्या आपल्या घरात, हॉलमध्ये, पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून बसले होते. लेकीला अशा अवस्थेत बघायची त्यांना आता सवय झाली होती. तिकडं आसामात, जोरहाटला, चहाच्या संशोधन केंद्रात नोकरी लागल्यापासून ती दर रविवारी अशीच कुठंतरी अटकायची. कधी हसता हसता, कधी शिंकता शिंकता. एकदा जांभई देताना अटकली, तेव्हा अप्पांनी तिच्या दाढा इतका वेळ पाहिल्या की एक किडलेली त्यांना सापडली.

"ऋतू, अटकलीस बघ," अप्पा म्हणाले.

बऱ्याच वेळानं पलीकडून तुटक आवाज आला, "...प्पा, तुम्ही अटकलात."

कोण अटकलं, हा वाद दर रविवारी व्हायचा आणि त्याचा निकाल कधीच लागायचा नाही. मग "ऐकू येतंय का", "आता?", "आता येतंय", "आता तुमचा गेला" असं करत करत फोन संपायचा. मधल्या फटीतून ती विचारायची, "जेवता ना वेळेवर?" आणि अप्पा म्हणायचे, "मजेत हाय." त्यातलं "जेत हाय" एवढंच तिकडं पोचायचं. अप्पांना त्याचीही एक सोय वाटत आली होती. पण गेल्या दोन रविवारी तीच म्हणाली होती, "अप्पा, काही कळतच नाही, मी आपला नुसता साधा फोन करत जाईन." साध्या फोनवर तोंड दिसत नाही. अप्पांना ते चालण्यासारखं नव्हतं.

अप्पा पाणीपुरवठा विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी लोकांना पाणी दिलं, आणि ज्यांना देता आलं नाही त्यांना कारणं दिली. कारणांचा पुरवठा कधी खंडित होऊ दिला नाही. असा माणूस आपल्याच घरातल्या लाइनीपुढं हात टेकणार नव्हता. त्यांनी मोबाइलवर स्पीड तपासला. 'लखलख फायबर'चा प्लॅन तीनशे एमबीपीएस वेगाचा होता. काटा थरथरत वर चढला, नऊवर जाऊन बसला आणि तिथून हलेना.

अप्पांनी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं. तक्रारीसाठी दोन दाबा म्हणाले, दोन दाबलं. मग बासरी वाजली. बासरी बरी होती, पण लांबली. शेवटी एक मुलगी आली.

"नमस्कार, मी वर्षाराणी. सिंधु मॅडम बोलताहेत का?"

"न्हाई. मी त्यांचे मिस्टर."

"सर, कनेक्शन मॅडमच्या नावावर आहे. तक्रार त्यांनाच नोंदवावी लागेल. मॅडम आहेत का घरी?"

सिंधुताईंना जाऊन दोन वर्षं होत आली होती. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ती मुलगी इतक्या अदबीनं विचारत होती की तिला अवघडून टाकणं अप्पांच्या जिवावर आलं.

"बाहेर गेल्यात," ते म्हणाले.

"कधी येतील?"

"काई सांगून गेल्या न्हाईत."

"हरकत नाही सर, मी संध्याकाळी परत कॉल करते."

आणि तिनं केला. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या अप्पांना, करते म्हणून खरंच करणारं माणूस भेटेल याची कल्पना नव्हती. संध्याकाळी त्यांनी सिंधुताईंना भाजीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकूरला लग्नाला. दुपारी त्या लग्नाहून आल्या, पण शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. सांगताना अप्पांना आपोआपच कोणती साडी, कुणाच्या रिक्षानं, असं सगळं सुचायला लागलं. हे बरं नव्हे, असं त्यांना वाटलं. त्याहून वाईट म्हणजे ते बरं वाटत होतं.

"सर," वर्षाराणी जरा काळजीनं म्हणाली, "मॅडम फारच बाहेर असतात."

तेव्हा अप्पांनी सांगून टाकलं. मग तिनं तक्रार 'घरातील सदस्य' या नावाखाली लिहून घेतली आणि हळूच म्हणाली, "सर, मृत्यूचा दाखला दिला तर कनेक्शन तुमच्या नावावर करून देता येईल."

"राहू द्या."

"एकदा केलं की पुन्हा त्रास होणार नाही, सर."

"महिन्याला तुमचा मेसेज येतो," अप्पा म्हणाले. "प्रिय सिंधु, तुमचा प्लॅन संपत आला हाय. आता घरात त्या नावानं कोण बोलतंय? राहू द्या तो."

तक्रारीवर सुदर्शन नावाचा कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, पोट सुटलेला. काम संपेपर्यंत त्यानं हेल्मेट काढलं नाही. अप्पांच्या घरी नेटचे दोन डबे होते. कंपनीची तार जिथं येते तो व्हरांड्यातला मोडेम, आणि हॉलमध्ये बसून घरभर वायफाय सोडतो तो राउटर. सुदर्शननं मोडेममधली एक तार काढून तिथं थेट आपला लॅपटॉप जोडला. काटा सरळ तीनशेला.

"हे बघा काका. आमची लाइन ओके हाय. मोडेमपर्यंत आमची जबाबदारी. त्याच्या पुढं घरातलं तुमचं तुम्ही बघून घ्यायचं."

मीटरपर्यंत आमची जबाबदारी, पुढचं तुमचं तुम्ही बघा: हे वाक्य अप्पांनी अर्ध्या जिल्ह्याला ऐकवलं होतं. नेमका हाच स्वर, असंच दाराकडं बघत. ते वाक्य ऐकणाऱ्याला किती लागतं, हे त्यांना निवृत्तीनंतर कळत होतं. त्यांनी सुदर्शनला चहा विचारला. तो नको म्हणाला. लोकही त्यांना विचारायचे आणि तेही नको म्हणायचे.

बातमी गल्लीत गेली आणि सल्ले यायला लागले. पहिले आले शेजारचे शेषेराव, मुखेडचे, सहकार खात्यातून निवृत्त. कोणत्याही विषयावर त्यांचं मत तयार असे, विषयच काय तो मागाहून यायचा.

"अप्पा, राउटर लई खाली ठेवलाय तुम्ही. हवेला उंची पाहिजे. माळ्यावर चढवा."

अप्पांनी स्टुलावर चढून राउटर माळ्यावर चढवला. काटा सातवर आला.

समोरच्या साखराबाई आल्या. त्यांनी डब्याला हात लावून पाहिला. "तापलंय की हे लेकरावानी. वारं घाला याला." म्हणून ऐन थंडीत कूलर बाहेर निघाला आणि राउटरसमोर लागला. काटा सातच राहिला. अप्पांना मात्र रात्रीतून पडसं झालं.

"सुधारलं का हो?" तिसऱ्या दिवशी शेषेरावांनी कुंपणावरून विचारलं. "न्हाई म्हणजे, आमच्याकडं बी लई अटकून राहिलंय."

तुमच्याकडं कसं अटकतंय, हे अप्पांनी विचारलं नाही. पासवर्ड त्यांनीच दिला होता. सिंधुताई गेल्यावर पहिल्या महिन्यात शेषेराव विचारायला आले, तासभर बसले, चहा घेऊन गेले. मग साखराबाईंची सून आली, तीही बसली. पासवर्ड मागायला येणारा माणूस लगेच उठून जात नाही, असं अप्पांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही.

सगळे सल्ले संपल्यावर अप्पांनी चष्मा पुसला आणि दोन्ही डबे उलटे करून त्यांच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली. आणि त्यांना एकदम हुरूप आला, कारण हे तर त्यांच्याच खात्याचं प्रकरण निघालं. मोडेमला तारा खोचायचे चार पोर्ट होते. पहिला, पिवळा, हजाराचा. बाकीचे तीन शंभराचे. हॉलमधल्या जुन्या राउटरचा पोर्टही शंभराचाच. म्हणजे कंपनी तीनशे सोडतेय आणि पुढं तोटी शंभराची. दोन्हीकडची तोंडं सारखी नसतील तर वेग लहान तोंडाचाच मिळणार, हे अभियंत्याला कुणी सांगायला नको. आणि शंभराचे नऊ का होतात? व्हरांड्यातून हॉलमध्ये येणारी तार दाराच्या चौकटीतून आणली होती आणि दार दर वेळी तिच्यावर मिटत होतं. तार चेपून कागदासारखी झाली होती.

गंजगोलाईच्या बाजारात जाऊन त्यांनी नवा राउटर आणला, हजाराच्या पोर्टाचा, आणि त्याला साजेशी नवी तार. दुकानदार म्हणाला, "काका, एवढा कशाला? घरात माणसं किती?" अप्पा म्हणाले, "हायेत," आणि पिशवी उचलली.

आता तार दारातून न्यायची नाही, भिंतीतून न्यायची. सुताराला बोलवा, असं शेषेराव म्हणाले. अप्पांनी ते हसण्यावारी नेलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती फोडलेल्या माणसाला आपल्या भिंतीला एक छिद्र पाडता येऊ नये? त्यांनी शेषेरावांचंच ड्रिल मागून आणलं, पेन्सिलीनं खूण केली, पातळी तपासली, पुन्हा खूण केली आणि बटण दाबलं.

ड्रिल भिंतीत बोटभर गेलं. मग आवाज बदलला. मग भिंतीतून पाण्याची धार निघाली आणि सरळ अप्पांच्या चष्म्यावर आली.

ती घराची मुख्य लाइन होती. घर बांधताना अप्पांनी स्वतः उभं राहून टाकून घेतलेली, मिस्त्रीचं न ऐकता याच भिंतीतून नेलेली. नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि आदल्याच दिवशी टाकी भरलेली होती. ती आता हॉलमध्ये येत होती. अप्पांनी छिद्रावर अंगठा ठेवला. अंगठा ठेवल्यावर त्यांना कळलं, की वरचा कॉक बंद करायला गच्चीवर जायचं तर अंगठा काढावा लागेल, आणि घरात दुसरा अंगठा नाही. हाक मारावी तर काय म्हणून मारावी, याचाही त्यांनी थोडा विचार केला. 'पाणी फुटलं' असं पाणीपुरवठ्याच्या माणसानं ओरडायचं म्हणजे जरा अवघडच. ते तसेच, भिंतीला अंगठा लावून, पायजमा घोट्यापर्यंत भिजेतो उभे राहिले. शेवटी पाणी व्हरांड्यातून रस्त्यावर गेलं आणि त्यानंच गल्लीला सांगितलं.

साखराबाई बादल्या घेऊन धावल्या. वाया जाणारं पाणी बघवत नाही, म्हणून आधी त्यांनी बादल्या लावल्या. शेषेरावांनी गच्चीवर जाऊन कॉक बंद केला, खाली आले, भिंतीकडं निरखून पाहिलं.

"अप्पा, ही लाइन तुम्हीच टाकली हुती ना?"

"हाव," अप्पा म्हणाले.

"तरीच एवढं प्रेशर हाय," शेषेराव म्हणाले. ते चेष्टेनं म्हणाले की कौतुकानं, हे अप्पांना त्या रात्री झोप येईतो ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, पाइप जोडून गेला. तार खिडकीतून घेतली, जी आधीच घेता आली असती. नवा राउटर लागला, त्याचे दिवे लागले, आणि दुपारी फाटकाची कडी वाजली. साखराबाईंची सून. "अप्पा, नेट गेलंय का हो?" नव्या डब्याचा पासवर्ड नवा होता, हे अप्पांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागोमाग शेषेराव. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची बायको. मग दोघं असे, ज्यांना अप्पांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते मागच्या गल्लीतले निघाले. हॉलमधल्या खुर्च्या पुरेनात, सतरंजी काढावी लागली. इतकी माणसं या घरात बाराव्याला बसली होती, त्यानंतर आत्ताच. अप्पांनी चहाचं मोठं पातेलं काढलं. साखर पुरली नाही ती साखराबाईंनी आणली. ज्याला त्याला मोबाइलमध्ये पासवर्ड घालून देताना अप्पा मुद्दाम एखादं अक्षर चुकवत होते आणि मग "थांबा, परत बघू" म्हणत होते. पण पासवर्ड तो केवढा. हळूहळू सगळ्यांना लागला. एकेकाची नजर मोबाइलमध्ये गेली, एकेक जण "येतो अप्पा" म्हणून उठला, आणि दिवेलागणीला सतरंजीवर नुसते कप राहिले.

अप्पांनी कप विसळले आणि स्पीड तपासला. चौऱ्याण्णव.

दोन्ही टोकं सारखी केली, तार बदलली, भिंत फोडली, आणि हा चौऱ्याण्णव. अप्पा व्हरांड्यात गेले. मोडेमकडं बघताच त्यांना चूक दिसली. नवी तार त्यांनी जुनीच्याच जागी खोचली होती, दुसऱ्या पोर्टात, शंभराच्या. हजाराच्या पिवळ्या पोर्टात दुसरीच एक तार होती आणि ती टीव्हीच्या डब्याकडं जात होती.

तो डबा सिंधुताईंचा. कनेक्शन घेतलं तेव्हा मालिकेत चित्र थांबलेलं चालणार नाही, असं त्यांनी कंपनीच्या माणसाला बजावलं होतं, आणि त्यानं बिचाऱ्यानं पहिला, सगळ्यात चांगला पोर्ट त्यांना दिला होता. दोन वर्षांत तो टीव्ही कुणी लावला नव्हता. अप्पांना मालिका आवडायच्या नाहीत. म्हणजे आवाज आवडायचा, स्वयंपाकघरातून पेपर वाचताना.

तार काढायला एक बोट पुरलं असतं. अप्पा आत आले, टीव्हीवरची धूळ झटकली आणि तो लावला. तीच मालिका चालू होती. एक बाई दुसरीला काहीतरी कधीही विसरणार नाही असं सांगत होती. कोण कुणाची कोण हे अप्पांना कळेना. सांगायला कुणी नव्हतं. जाहिराती लागेपर्यंत ते बसले. मग उठून व्हरांड्यात गेले, पिवळ्या पोर्टातली तार काढली, दुसऱ्यात घातली, दुसऱ्यातली पिवळ्यात. आत येऊन पाहिलं तर बाई अजून बोलतच होती, चित्र जरासुद्धा थांबलं नव्हतं. टीव्हीला शंभर पुष्कळ होते. अप्पांना हे तांत्रिकदृष्ट्या आधीच माहीत होतं, पण त्यांनी सुस्कारा सोडलाच.

मोबाइलवर काटा वर गेला. दोनशे सत्याण्णव.

एवढी मोठी गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी होती. ते शेषेरावांच्या फाटकाशी गेले. शेषेराव मोबाइलवर क्रिकेट बघत होते, अप्पांच्याच वायफायवर.

"लागलं बरं का. दोनशे सत्याण्णव."

"हाव का?" शेषेराव मान वर न करता म्हणाले. "तरीच चेंडू दिसून राहिलाय."

रविवारी अप्पांनी दाढी केली आणि दुपार कलल्यावर फोन लावला. जोरहाटला केव्हाच अंधार पडला होता; ऋतुजाच्या मागं दिवा होता. ती इतकी स्पष्ट दिसली की अप्पा दचकले. कानाशी चार केस पांढरे होते. हे आजवर पोचलं नव्हतं.

"अप्पा, किती क्लिअर दिसताय," ती म्हणाली.

"दोन्हीकडचे पोर्ट हजाराचे केले," अप्पा म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली, अंगठ्यासकट. ती खळखळून हसली आणि हसता हसता कुठंच अटकली नाही. तिनं चहाच्या झाडांवरच्या किडीचं सांगितलं. अप्पांनी पडशाचं सांगितलं. जेवता का, तर जेवतो. येणार कधी, तर बघते, उन्हाळ्यात. आणि मग बोलणं संपलं. अप्पांनी घड्याळाकडं पाहिलं. एरवी अर्धा तास पुरायचं ते सगळं चहा निवायच्या आत उरकलं होतं. इतके दिवस बोलण्यात बोलणं किती होतं आणि "ऐकू येतंय का" किती, ते आज कळलं.

समोर ऋतुजा हलेना. डोळे पडद्यावर, ओठ जरासे उघडे.

"ऋतू, अटकलीस का गं?"

"नाही अप्पा."

"मग?"

"बघतेय." ती अप्पांच्या मागं बघत होती. भिंतीवरचा ओला डाग, दोरीवर वाळत घातलेले दोनच सदरे, एकाच खुर्चीपुढची एकच वाटी. "तुम्ही किती वाळलाय. मला दिसतच नव्हतं."

अप्पांनी मोबाइल जरा तिरका केला, मग परत सरळ केला. लपवायला आता तेवढी अंधुक जागा उरली नव्हती.

"लई गप्प असतं गं घर," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कधी पाठवलं नव्हतं. ते पहिल्याच खेपेला, एक अक्षर न गळता, पोचलं.

ऋतुजानं नाक पुसलं. "मला आज एक रिपोर्ट लिहायचाय. तासभर तरी लागेल."

"मग ठेवू का?"

"ठेवू नका. असू द्या चालू. मी लिहिते. तुम्ही तुमचं काम करा. बोलायलाच पाहिजे असं काही नाही."

अप्पांनी आतून तुरीच्या हिरव्या शेंगांचं टोपलं आणलं आणि मोबाइलपुढं सोलत बसले. पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. मधेच थांबायचा, मधेच ती स्वतःशी काहीतरी पुटपुटायची. व्हरांड्यातलं ऊन उतरलं. थोड्या वेळानं अप्पांनी मान वर करून ती आहे ना पाहिलं. तिनंही त्याच वेळी पाहिलं, आणि परत आपल्या कामाला लागली.